हेराच्या गळ्यातली टेप

धाकट्या,

तुझा सिनेमा जोरात चाललाय म्हणे. दिवसा कपडे शिवणारा आणि फावल्या वेळात हेरगिरी करणारा शिंपी! शिंपी मी, टाळ्या तुला.

तुझी वहिनी मला न सांगता तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघायला जाते, हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. परवा ती निघाली, तसा मी मशीन सोडून उठलो, गिऱ्हाइकाचा कोट आणि काळा चष्मा चढवला आणि तिच्या मागोमाग थिएटरात शिरलो. बसलोही बरोबर तिच्या मागच्या खुर्चीत.

पडद्यावर तू खोटी दाढी लावून चोराच्या मागे लागलास, पण गळ्यातली मापाची टेप काढायला विसरलास. चोराने तुला लगेच ओळखलं. सगळं थिएटर हसलं. मी गळ्याला हात लावला, तर माझीही टेप तिथेच.

मध्यंतरात दिवे लागले. तुझी वहिनी मागे वळून म्हणाली, "अहो, टेप काढा आता, लोक बघतायत."

घरी येताना मी विचारलं, "एवढं काय आहे त्यात?"

"भावजी तुमची नक्कल काय झकास करतात! हसून हसून पुरेवाट होते."

इतकी वर्षं मी अख्खा समोर आहे, पण मला बघून कधी हसली नाही. म्हणून काल मुद्दाम टेप गळ्यात ठेवून जेवायला बसलो. तिने एकदा बघितलं.

"राहू द्या. भावजींसारखं नाही जमत तुम्हाला."

हे पत्र टाकणार नाही. तू त्याचाही सिनेमा करशील आणि ती पहिलं तिकीट काढेल.

तुझा,
अस्सल दादा