अकरा ब्लाउजांवरचे क्रूस

ती. आनंदामामांस,

प्रभूमध्ये सलाम. मामींचा गुडघा जिना चढू देतो का, आणि तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता की बशीखाली सरकवता, हे आधी कळवा. इथे पर्वत पाटिया भागात आल्यापासून आईचा खोकला ओसरला आहे. मी पूर्ण बरी आहे असं लिहिणार होते, पण ते तपासावं लागेल.

रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश होता, देवाच्या मनात आपण जसे आहोत तसं होण्यावर. मी वहीत देवाच्या मनातल्या मनीषाचे गुण लिहून काढले: अचूक, वेळेवर येणारी, कमी बोलणारी. तिन्ही माझ्यात आधीच होते. (हे तेव्हाच संशयास्पद वाटायला हवं होतं.) दुपारी कापणीच्या सणासाठी वेदीवस्त्र भरायचं होतं. महिला मंडळाच्या मालतीबाईंनी सांगितलेला क्रूस आणि द्राक्षवेल मी संगणकावर तयार केला होता, आणि आमच्या एम्ब्रॉयडरी कारखान्याचे गुजराती मालक चेतनभाई यांनी सुट्टीच्या दिवशी मशीन वापरायला दिली होती. मशीनला बारा हेड आहेत. एका वेळी बारा कापडांवर तीच नक्षी उतरते. पहिल्याखाली मी वेदीवस्त्र लावलं. बाकीच्यांखाली लग्नाच्या ऑर्डरचे लाल ब्लाउजपीस तसेच ताणलेले होते, म्हणून ती अकरा हेड बंद करायची असतात. मशीन चालवणारे सुपडूभाऊ (गेल्याच महिन्यात त्यांनी चुकीचा धागा लावला म्हणून मी लेखी तक्रार केली होती) म्हणाले, "ताई, बाकीना हेड?" मी म्हणाले, "मला शिकवू नका," आणि बटण दाबलं. ते चहाला गेले.

चाळीस मिनिटं मी फक्त पहिल्या हेडकडे पाहत होते. मग मान वर केली. अकरा लाल कापडांवर अकरा सोनेरी क्रूस, वेलीसकट, एका ओळीत. मामा, चूक दिसण्याआधी मला ते सुंदर दिसलं. श्वास अडकला. (उपासनेत माझं असं कधी झालेलं नाही.)

सोमवारी मी वाक्य पाठ करून गेले, तर चेतनभाई आधीच सुपडूभाऊंवर ओरडत होते, "अल्या, तें तो अगियारे दुल्हनने चर्चमां परणावी दीधी!" (म्हणजे अकराही नवरींची लग्नं चर्चमध्ये लावून टाकलीस.) आणि सुपडूभाऊ मान खाली घालून चूक स्वतःवर घेत होते, "शेठ, मारी भूल." त्यांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. माझं वाक्य पाठ होतं. मी बोलले नाही. जिन्यात त्यांना गाठून विचारलं, असं का केलंत? ते चपला शोधत म्हणाले, "देवनं काम व्हतं ना ताई. त्यामा तुमनं नाव कसाले खराब करू?" आणि गेले. सुपडूभाऊ दर श्रावणात घरी कानबाई देवी बसवतात, आमचा उपदेश त्यांनी ऐकलेला नाही. मी सव्वीस वर्षं ऐकते आहे. मी त्या जिन्यात किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही, आणि मला वेळ सांगता येत नाही असं सहसा होत नाही. इतकं मोठं काही माझ्या इतक्या जवळून, एक चप्पल हातात धरून, कधी गेलेलं नव्हतं. वहीतली यादी मी खोडली. तिच्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

आज बुधवारी सकाळी दहा वाजता मी चेतनभाईंना सगळं खरं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, सुपडूला बोलावून घे. विषय संपला.

मामींना सलाम.

तुमची भाची,
मनीषा

ता. क. तुमच्या चाळीसगावात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं काम कोणाकडे आहे का, सहज विचारून ठेवा. घाई नाही. आईला कळवू नका.

ता. क. २. आत्ता सव्वाआठ वाजले आहेत. वरचे 'दहा' अजून वाजायचे आहेत. ते आधी लिहून ठेवलं, कारण लिहिलेलं मला खोटं ठेवता येत नाही. टपालपेटी कारखान्याच्या पुढच्या चौकात आहे. सांगून झाल्याशिवाय हे पत्र तिच्यात टाकणार नाही. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल, तर मी सांगितलं आहे. चेतनभाई शांत राहिले, हे मात्र धरून चालू नका.