शेवटचं प्रकरण

ती. मामाजींना,

तुम्हाला मोतीबिंदू झाल्यापासून तुम्ही मला रोज दुपारी एक जुनी कादंबरी वाचून दाखवायला बसवायचात. शेंदूरजनाघाटात संत्र्याचे व्यापारी घरी आले की सांगायचात, "आमची सून एम. ए. हाये, मले वाचून दाखवते."

कादंबरीतल्या सासऱ्याने सुनेची पुस्तकं चुलीत घातली, तेव्हा तुम्ही दुपट्ट्याने डोळे पुसलेत. "कसाई हाये साला," म्हणालात. त्याच संध्याकाळी मी अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागल्याचं सांगितलं. तुम्ही चहा बशीत ओतत म्हणालात, "काहून? घरात काय कमी हाये?"

मी शेवटचं प्रकरण तुम्हाला वाचून न दाखवताच निघून आले. काल तुमचा मुलगा अकोल्याला आला. मला वाटलं, बायकोची चौकशी करायला आला. तुम्ही त्याला विचारायला पाठवलं होतं, "त्या पोरीचं पुढं काय झालं?" बापाला चार पानं वाचून दाखवणं हे मनोजला बायकी काम वाटतं.

पुढे ती शिकते आणि घर सोडते, मामाजी. सासरा दारात बसून राहतो. ती का गेली, हे त्याला शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला वाचून दाखवणार कोण?

तुमची एम. ए. सून,
वर्षाली