येसाजीची टाकी

३ मार्च १९२६, कॅसलरॉक

टाकी गावाला मिळाली! मामंजी आज कमिटीतून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं. रॉकेल कंपनीनं रेल्वेच्या सायडिंगजवळची लोखंडी टाकी कमिटीच्या ताब्यात दिली. डेपो लोंढ्याला गेल्यापासून ती गंजत पडलीय. आता तिचं काय करायचं ते मामंजींसकट पाच पंचांनी ठरवायचं. येसाजी म्हणतोय, घासूनपुसून पाण्याला वापरू.

पाण्याला! ज्या टाकीत माझा नवरा गुदमरून मेला, तिच्यातलं पाणी गावानं प्यायचं — आणि तेही येसाजीच्या सांगण्यावरून!

ह्यांचं नाव लिहिते. लखू. तोंडानं कधी घेतलं नाही, कागदावर कोण अडवणार? या वैशाखात तीन वर्षं होतील. तेव्हा डेपोचा सगळा कारभार येसाजीकडं. तळाचा गाळ खरवडायला ह्यांना आत उतरवलं. आतल्या वाफेनं पडले, ते उठलेच नाहीत. चितेजवळ येसाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "डेपो माझा, दोष माझा." एवढं बोलून सुटला. वर कमिटीचा अध्यक्ष झाला!

५ मार्च

सकाळीच येसाजीचं तोंड दिसलं. दिवस नासला.

९ मार्च

मामंजींना अक्षर येत नाही. मी बेळगावात मामाकडं राहून चौथीपर्यंत शिकले, म्हणून कमिटीचे कागद मीच वाचून दाखवते. आज नोटीस आली. लिहिलं होतं — टाकी साफ करून पाण्यासाठी वापरावी की मोडीत विकावी, याबद्दल पुढच्या बुधवारी, १७ तारखेस मत द्यावे. बस्स, एवढंच.

मी पुढं माझ्या पदरचं वाचलं! "टाकीवर येसाजी अध्यक्षांचं नाव मोठ्या अक्षरात रंगवावं, गावानं खाली नारळ फोडावा."

मामंजींनी कागद हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. मग म्हणाले, "असं लिवलंय?"

"व्हय."

"बरं."

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. येसाजी आणि आणखी एक पंच पाण्याच्या बाजूला, दोघे मोडीच्या. मामंजी म्हणतील तेच होणार. मला ती टाकी फुटताना बघायचीय. घणाचा एकेक घाव येसाजीच्या कानात बसला पाहिजे. रोज आठवण राहील त्याला.

१२ मार्च

ओहोळावर शेजारची रुक्मा भेटली. तिला सातवा महिना. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "केशरक्का, टाकी झाली तर ह्या चढाच्या दोन खेपा वाचतील गं."

मी घागर डोक्यावर घेतली आणि निघाले. मागं तिची धाप ऐकू येत होती, तरी वळले नाही. घरी आल्यावर वाईट वाटलं. वाटू दे! येसाजीचं भलं होईल असं काही मी होऊ देणार नाही.

१६ मार्च

उद्या बुधवार. मामंजींना नाचणीची आंबील करून दिली. काय ठरवलंय म्हणून विचारलं. "बघू," म्हणाले.

१७ मार्च



कमिटी टाकीजवळच भरली. सगळा गाव जमला होता, बायकासुद्धा. मोडीवाल्यांपैकी कुणी तरी ओरडलं, "आत अजून वाफ असंल तर?" येसाजीनं कोट काढून फांदीवर टाकला. म्हणाला, "मी सोता उतरून दाखवतो. मग तरी पटंल न्हवं?" आणि शिडी चढायला लागला.

वरचं झाकण नुकतंच उघडलं होतं. वारा फिरला आणि वास माझ्याकडं आला. ह्यांच्या कपड्यांना शेवटी जो होता तोच. डोकं गरगरवणारा, गोडसर.

मला कळलं, आत वाफ अजून आहे. एक शब्द बोलले असते तर तो थांबला असता. नाही बोलले! ओठ घट्ट मिटले. मनात एकच — उतर. उतर येसाजी. त्याचा एक पाय आत गेला. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? झाला.

"थांब रे!"

मामंजी! सत्तरीचा म्हातारा शिडीवर चढला, त्याचा दंड धरला आणि मागं ओढला. मग आमच्याच घरची कोंबडी मागवली, टोपलीत बांधली, दोरानं आत सोडली. शंभर आकडे मोजले. टोपली वर आली तेव्हा कोंबडीची मान लोंबत होती.

येसाजी शिडीखाली मातीतच बसला. मामंजी म्हणाले, "खालची तोटी काढा. झाकण उघडं टाका. भायेरनं लांब बांबूनं गाळ काढा, सोड्यानं धुवा, चुना मारा. कोंबडी जिती वर येईस्तोवर मानूस आत जायचा न्हाई." आणि मत दिलं. पाण्याला! येसाजीच्या बाजूनं!

घरी येताना वाटेत बोलले, "नोटीस तू वाचलीस तशी नव्हती. पंचातल्या कान्हूनं मला खरी सांगितली." थोडं चालून पुन्हा, "आज तुझं तोंड मी बघत हुतो."

मी ओरडलेच. "त्यानं तुमचा लेक मारला, मामंजी! आणि तुम्ही त्याचा हात धरला?"

ते चालत राहिले.

१८ मार्च

मामंजी जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. मी गुंदला, माहेरी जाणार. लुगडी बांधून ठेवलीत. जायच्या आधी एकदाच विचारीन — का वाचवलंत त्याला?

१९ मार्च

विचारलं. अंगणात दोर वळत बसले होते. मान वर केली नाही.

"येसाजी त्या दिवशी लोंढ्याला हुता. मी मुकादम. तिथं आमी दोघंच. लखूला मी उतरवलं. 'आबा, वास येतोय,' म्हनाला. मी म्हनालो, बायकांसारखं नाटक करू नगंस." दोराला एक पीळ देऊन पुढं म्हणाले, "येसाजीचे पाय धरले मी. म्हनालो, सुनंला कळू देऊ नगं, ती घर सोडून जाईल."

मी घागर उचलून बाहेर पडले. ओहोळाकडं गेले नाही. येसाजीच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याची बायको कमल बाहेर आली. तीन वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही. तिनं रिकाम्या घागरीकडं बघितलं.

"पानी पायजे?"

"व्हय."

तिनं आपली अर्धी घागर माझ्या घागरीत ओतली.