पडद्याआडचा डॉक्टर

५ आजूर १३४८ फसली (इंग्रजी १० ऑक्टोबर)

आजपासून रोजनिशी. निजामाची कचेरी फसली सालावर चालते, म्हणून मीही. वच्छला पंचांगावर चालते. सध्या तीही नाही, बिडकीनला माहेरी जाऊन बसली आहे. गौरी गेल्या त्याच आठवड्यात गेली. सासरे तात्यासाहेब लिहितात, राहू द्या थोडे दिवस. थोडे म्हणजे किती, ते लिहीत नाहीत.

आजाराचं निदान मात्र झालं. वाचनालयात मुंबईचं इंग्रजी मासिक आलं आहे. त्यात लेख आहे की मनाच्या दुखण्यावर युरोपात बोलण्याची ट्रीटमेंट निघाली. पेशंटला आरामखुर्चीत झोपवायचं. डॉक्टरानं मागं बसायचं, दिसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. पेशंट बोलून बोलून मोकळा होतो. नवरा-बायकोचे रुसवेसुद्धा जातात म्हणे.

वच्छला नर्व्हस केस आहे. जेठात तिची आई वारली तेव्हापासून. ती काहीतरी सांगायला आली, तेव्हा मीच तिला मृत्यू या विषयावर दिवेलागणीपर्यंत समजावलं होतं. तरी रडायची थांबली नाही. माहेरी जाताना म्हणाली, तुमच्यापेक्षा अंगणातला हौद बरा, निदान मध्ये बोलत नाही. हौदाशी तुलना करणं हे लक्षण लेखात नाही, पण असावं.

संकल्प: ट्रीटमेंट शिकणं. पाडव्याला ओवाळायला ती घरी हवी.

७ आजूर

बैठकीत आरामखुर्ची मांडली, मागं पडदा लावला. पडद्याआड माझं स्टूल. युरोपवाल्यांना हे सुचलं नाही. आपल्या शहरात निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांशी पडद्याआडूनच बोलतात. म्हणजे सायन्सची अर्धी तयारी आपल्याकडे आधीच आहे.

८ आजूर, संध्याकाळ

पहिला पेशंट, शेजारचे गयासमियाँ. हिमरू विणतात. आढेवेढे घेत खुर्चीत पडले. बिल्किसभाभी दोन दिवस बोलत नाहीत, एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांना धीर यावा म्हणून मी वच्छलाची हकीकत सांगितली. मग दिवा लावायला उठावं लागलं, इतका वेळ गेला. जाताना गयासमियाँ म्हणाले, सबर करो पेशकारसाब, आजाते भाभी. पेशंटला आराम पडलेला दिसला. मलाही हलकं वाटलं. डॉक्टरालाही थोडा फायदा होत असावा.

११ आजूर

दुसरी केस, भांडी घासणाऱ्या आवडाबाई. मी नाय बाई मालकाच्या खुर्चीत निजायची, म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या. सुनेचं काढलं. मी फक्त सासू-सुनेच्या संबंधांवर थोडी प्रस्तावना केली. प्रस्तावना संपवून पडदा सारला तर समोर कोणी नाही, आणि हौदावर भांडी वाजतायत. केव्हा उठल्या कळलं नाही. अडाणी लोकांवर प्रयोग करू नये.

१३ आजूर

दोष सापडला, नोकरीचा आहे. पेशकाराचं काम म्हणजे दिवसभर साहेबांपुढं कागदपत्रांच्या मिसली मोठ्यानं वाचायच्या. तोंडाला तीच सवय लागली. आता गप्प बसण्याचा सराव करायचा. कचेरीत फार जड गेलं, साहेबांनी तबियत विचारली. घरी सोपं गेलं. घरी आल्यापासून एक शब्द बोललो नाही. बोलायला होतं कोण.

१४ आजूर

गयासमियाँकडून पाडव्याच्या ओवाळणीसाठी हिमरूची शाल घेतली, मोरपंखी. वच्छलाला हाच रंग आवडतो. किंवा हा तिच्या आईचा आवडता असेल. ती सांगत होती एकदा, मी तेव्हा दुसरं काही सांगत होतो.

१६ आजूर, जुम्मा

सुट्टी. सर्व्हिस मोटरनं बिडकीन. संपूर्ण यश!

मी ओसरीवर, वच्छला आत चुलीपाशी करंज्या तळत होती, मध्ये दाराचा पडदा. तात्यासाहेब समजून शेतात गेले. मी काही बोललो नाही. ती वाट बघत होती बहुतेक. मग आपणच बोलायला लागली. आईबद्दल. आईचा झारा हातात घेतला की रडू येतं, म्हणाली. मला तुम्ही काही सांगू नका, नुसतं जवळ बसा, एवढंच तेव्हा म्हणायचं होतं, म्हणाली. माझ्या तोंडाशी एक उत्तम वाक्य आलं होतं, ते गिळलं.

मग तिनं विचारलं, मी येऊ का परत? थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. इथंच कसोटी होती. लेखात स्पष्ट लिहिलं आहे की पेशंटच्या प्रश्नाला डॉक्टरानं उत्तर द्यायचं नाही, ते त्याचं त्यानं शोधायचं. मी जीभ चावून बसलो. आत नुसता तेलाचा आवाज. मग तोही थांबला. निघताना ती बाहेर आली नाही. मन मोकळं झाल्यावर थकवा येतोच.

१९ आजूर, पाडवा

आवडाबाईंकडून पाटाभोवती रांगोळी काढून घेतली. शाल पाटाशेजारी ठेवली. मोटरअड्ड्यावर गेलो. मोटरमधून तात्यासाहेबांचा गडी कडूबा उतरला, फराळाचा डबा घेऊन. मागून कोणी उतरलं नाही. मी तरी मोटर पूर्ण रिकामी होईपर्यंत थांबलो.

कडूबा म्हणाला, ताईंनी ट्रंक भरून आत दाराआड ठिवली व्हती त्या दिशी. तुमाला दोनदा इचारलं, तुमी हूं का चूं केलं नाय. ताई म्हनल्या, त्यान्ला मी नको हाय. मंग ट्रंक उपसली.

त्याला सांगणार होतो की ही सायंटिफिक पद्धत आहे. नाही सांगितलं. आता भाऊबीज झाल्याशिवाय तिकडून कोणी निघायचं नाही, आणि नंतर तरी का निघावं?

मला ती हवी होती. लेख वाचला नसता तर पटकन तोंडून गेलं असतं.

संध्याकाळ

गल्लीत घरोघरी ओवाळणं चाललंय. आरामखुर्चीत पडलो. मागं पडदा, पडद्याआड स्टूल, स्टुलावर कोणी नाही. ये, म्हणालो. नीट जमलं नाही. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं.

भिंतीपलीकडून गयासमियाँनी विचारलं, मेरेकू बुलाए क्या पेशकारसाब?

हो म्हणालो.