पुन्हा नागपूरले गेलेला अर्ज

देवळी, जि. वर्धा
१६ ऑगस्ट १९५४

प्रिय कवडू,

तुले माझे आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी भेटलं. अठ्ठावीस तारखेले सुटतो, टेसनावर कोणी येऊ नका, मी एकटाच घरी येतो, असं लिहिलं तू. जयवंता ते वाचून घ्यायले पवनारहून इथवर आली, अन् माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तुझी बायको वाळून काडी झाली, पण भाजीची वाडी तिनं पडीक पडू दिली नाई. वांगी बरी आहेत. दर बाजारी टोपली घेऊन वर्ध्याले जाते. बाजाराची पट्टी वसूल करणारा तो मोतीलाल तिथंच असते, ठेकेदारानं त्याले आता बाजाराच्या फाटकापाशी बसवलं, डाव्या डोळ्यावर फडकं बांधून. ती त्याच्यासमोरून मान खाली घालून जाते म्हणे.

मले त्या दिवसाची आठवण आली की अजून रक्त खवळते. पट्टीवरून भांडून त्यानं तिची टोपली लाथेनं नालीत लोटली, तू तागडीची दांडी उचलली. एकच घाव, पण बसला डोळ्यावर. मॅजिस्ट्रेटनं नऊ महिने दिले तेव्हा कोर्टाच्या ओट्यावर तू मले म्हणालता, बाई, त्याचा डोळा गेला, नऊ महिने काही जास्त नाई, मी भोगून येतो, तू गप बस. मी जन्मात कधी गप बसली काय?

तू लवकर सुटावा म्हणून मी धावपळ केली असं सारे समजतात. तसं नाई. मले तुझ्या नावावरचा गुन्हा पुसलेला पाहिजे होता. खरं सांगते, तुझ्यापेक्षा माझ्याच नाकासाठी. मी विहिरीवर गेली की बायांचं बोलणं बंद होत होतं. मनोहरराव वकिलांनी निकाल पुन्हा तपासायचा, रिव्हिजनचा अर्ज सरळ नागपूरच्या हायकोर्टात लावला. दीड महिन्यानं तो परत आला, आधी वर्ध्याच्या सेशन कोर्टात जा म्हणून. वर्ध्याच्या जजसाहेबांनी खटल्याच्या कागदांची सारी मिसल वाचली अन् अर्ज फेटाळला. निकालात एक ओळ लिहिली, की माणसाचा डोळा गेला, त्या मानानं ही शिक्षा कमीच आहे.

वकीलसाहेबांनी मले खुर्चीवर बसवून समजावलं. हा कागद आता इथंच राहू द्या, म्हणाले. पुन्हा वर नेला तर ही ओळबी सोबत वर जाईल, अन् हायकोर्टाले शिक्षा वाढवायचाबी हक्क आहे. कवडू, मले ते समजलं होतं. अडाणी होती म्हणून असं झालं, हे तुले लिहिता आलं असतं तर बरं होतं. उलट मीच त्यांच्यावर चिडली, म्हटलं, तुमच्याच्यानं होत नसंल तर दुसरा वकील पाहते. मग त्यांनी नागपूरसाठी लिहिलेल्या अर्जावर तुझी सही घ्यायले जेलात आली. शिक्षा वाढू शकते हे मी तुले सांगितलंच नाई. तुबी कागद वाचला नाई. माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् सही केली.

परवा मनोहररावांनी बोलावणं धाडलं. नागपूरच्या कोर्टानं अर्ज घेतला, पण सोबत तुझ्या नावानं नोटीस काढली, की ही शिक्षा वाढवून तीन वर्षं काऊन करू नये. निकाल लागेपर्यंत तुले सोडू नये असाबी हुकूम आहे. मी म्हटलं, अर्ज मागं घेते, त्यांच्या पाया पडते. आता मागं घेता येत नाई म्हणाले. नोटीस इंग्रजीत आहे, दोन-चार दिवसांत जेलरसाहेब तुले वाचून दाखवतील. त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावं, म्हणून हे लिहून राह्यली. सुनावणीत काय सांगायचं ते वकील पाहतील, पण आशा ठेवू नको म्हणाले. जयवंताले मी अजून सांगितलं नाई. ती इथंच ओसरीत बसून तुझ्या नव्या सदऱ्याले गुंड्या लावून राह्यली. मले शिव्या द्यायच्या असतील तर देजो, मी वाचीन. पण अठ्ठावीसले जेलात जमा केलेले घरचे कपडे मागून बसू नको.

तुझीच मोठी बहीण,
गंगाबाई