दोन रेघांच्या मधलं

सर, आता तुमच्याच विषयावर मी बारामतीत पोट भरते. काल नववीला डॅश शिकवला. हल्ली पोरांचे इंग्रजी निबंध मोबाईल लिहून देतो आणि त्याला डॅशचा भारी सोस. म्हणून तुमचंच वाक्य ऐकवलं, "पहिला डॅश म्हणजे दारं फोडलं, दुसरा म्हणजे बुजवलं. बुजवायचं राहिलं तर पाणी शेजाऱ्याच्या उसात!" मागून एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं ड्रिप हाय. दारं म्हंजी काय?" मी पोट धरून हसले. मग सरीत पाणी सोडायला माती कशी ओढतात आणि सरी भरली की परत कशी लावतात, ते फळ्यावर काढलं. इंग्रजीचा तास रानातच गेला.

घरी येताना आपली कन्हेरीची शाळा आठवली. नववीतच वडिलांवरच्या निबंधात मी लिहिलं होतं, 'माय फादर — ही कॅनॉट रीड धिस — ग्रोज शुगरकेन.' माझे वडील, त्यांना हे वाचता येत नाही, ऊस पिकवतात. वर्गात हशा पिकला आणि मी फुशारले. तुम्ही मधल्या शब्दांवर अंगठा ठेवलात. "आता वाच." वाक्य धडधाकट उभं राहिलं. मी शाबासकीची वाट बघत होते आणि तुम्ही हळूच म्हणालात, "डॅश बरोबर हायत. पण त्यास्नी वाचता येत न्हाय, ह्या धीरावर लिवलंस व्हय? आज त्यास्नी वाचून दाखव. समदं." मान खाली गेली ती तास संपेपर्यंत वर आली नाही.

त्या संध्याकाळी वडील, आमचे आबा, उसाला पाणी देतायत. मी बांधावर बसून निबंध मराठीत सांगतेय, बोट ओळीखालून फिरतंय. त्या जागी येतं आणि टुणकन पुढं जातं. आबा खोरं टेकवून वहीत डोकावतात.

"थांब. हितं दोन रेघा हायत. तितनं उडी मारलीस."

"रेघांच्या मधलं वाचायचं नसतं, आबा."

"मग लिवलं कशाला?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले आणि पाण्यामागं गेले. त्यांना किती कळलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला ठणकावून सांगितलं, "वाचलं सर, सगळं." तुम्ही पाठ थोपटलीत, खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलंत. ती थोपटणी मी फुकट लाटली, सर. पुढं कितीदा सांगायचं ठरवलं आणि एक दिवस तुम्हीच गेलात.

आणखी एक गंमत सांगते. माझ्या लेकीनं आबांना वाचायला शिकवलंय. ऐंशीच्या घरात आलेत, पण अक्षरावर बोट ठेवून पेपर वाचतात, दुकानांच्या पाट्या वाचतात, घरात सापडेल तो कागद वाचतात. आम्हाला केवढा आनंद झालाय म्हणून सांगू! फक्त हे पत्र मी मराठीत लिहून बसलेय. घडी घालून पर्सच्या चोरकप्प्यात टाकते. अजून भीती वाटते मला, सर, आबा ते मोठ्यानं वाचतील याची.