अण्णांचं पथ्य

अण्णा, तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि परवा मी तुमच्यासाठी बिनसाखरेची बर्फी घेऊन एका मेक्सिकन घरी गेले होते. इथे अमेरिकेत, नोव्हायला, माझ्या लॅबमध्ये एक बाई आहेत, वयाने तुमच्या धाकट्या बहिणीएवढ्या, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आत्याच म्हणते. नोव्हेंबर लागला की त्यांच्या घरी गेलेली माणसं जेवायला येतात, म्हणजे येतात असं धरूनच सगळं घर कामाला लागतं. यंदा त्यांनी मलाही बोलावलं. वडिलांचा फोटो आण, म्हणाल्या, आणि त्यांना आवडायचं ते काहीतरी.

दारातच झेंडूच्या माळा होत्या. मी आपली खुशीत सांगून बसले की आमच्याकडे दसऱ्याला अस्सं तोरण असतं, आणि आत जाऊन बघते तर झेंडू सगळा गेलेल्यांसाठी. पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी, नक्षी कापलेले रंगीत कागद, साखरेच्या हसऱ्या कवट्या, मेणबत्त्या, गोड पाव. आपण पितरांचं पान गच्चीवर ठेवतो आणि कावळ्याची वाट बघत हळू आवाजात बोलतो. इथे नातवंडं गेलेल्या आजीच्या घोरण्याची नक्कल करून हसत लोळत होती. मला आधी ते खटकलं, मग हेवा वाटला. आत्यांच्या एका मामांच्या फोटोपुढे सिगारेटचं पाकीट आणि काडेपेटी होती. ते कशाने गेले, असं मी विचारलं. फुप्फुसाने, आत्या म्हणाल्या, अगदी सहज. तेवढ्यात माझा डबा उघडून त्यांनी विचारलं, हे काय आणलंस? मी सांगितलं, बर्फी आहे, पण शुगर-फ्री, वडिलांना डायबिटीस होता. त्या हसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या:

"अगं, ते गेले ना? मग अजून त्यांना कसलं पथ्य?"

अण्णा, दुकानात मी पेढ्यांसमोर उभी होते, तरी हात आपसूक त्या बर्फीकडे गेला. शेवटची काही वर्षं आपण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोललो ते काय बोललो? शुगर किती आली, चाललात का, गोळी घेतली का. तो शेवटचा रविवार अजून तस्साच दिसतो. तुम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आहात, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि तुमचा एक हात टेबलाखाली आहे. मी म्हणते, हात वर करा. तुमच्या हातात पेढा आहे, शेजाऱ्यांची मुलगी पास झाली त्याचा. मी इतकं बोलते, इतकं बोलते, आणि आईला सांगते, आधी तो पेढ्यांचा बॉक्स उचल. तुम्ही "बरं" म्हणता आणि पेढा ताटलीत ठेवता. बुधवारी तुम्ही गेलात, ते हृदयाने. माझा व्हिसा अडकलेला, येता आलं नाही. तो पेढा नंतर कोणी खाल्ला, हे मी आईला कधीच विचारू शकले नाही.

आत्या म्हणाल्या होत्या, त्यांना चिठ्ठीही लिही, फोटोपाशी ठेवू. लिहायला घेतली ती आज, आणि त्यांची मांडणी कालच उचलली गेली. आता हे कुठे ठेवायचं ते मला कळत नाही. तुमचा फोटो परत आणलाय आणि मायक्रोवेव्हवर ठेवलाय. येताना खरे पेढे घेतले, साखरेचे, अर्धा किलो. तुमच्यापुढे ठेवलेत. म्हणजे एकच ठेवलाय, अण्णा. बाकीचा बॉक्स मी वरच्या कपाटात, तुमचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून आले.